भिरभिरं

शाळेच्या डायरीत लाल शाईचं एकच वाक्य,
तारखा तेवढ्या वेगळ्या :
‘दयेशचे लक्ष नसते. पालकांनी भेटावे.’
मी भेटते.
कारखान्यातून अर्धा दिवस कापून,
काजूच्या चिकाने काळी झालेली बोटं
पदराआड धरून.
बाई म्हणतात, हाक मारली तरी बघत नाही,
मग एकदम बाजूच्याला चावतो.
घरी कुणी हात उगारतं का?

मी छताकडे बघते.
मीच उगारते.

आधी कौल लावला.
गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या :
उजवी पडली तर बाहेरची बाधा,
डावी पडली तर घरातलीच.
तासभर एकही पडली नाही.
गुरव म्हणाला, देवी विचार करतेय,
पुढच्या सोमवारी या.

डिचोलीच्या डॉक्टरने जंताचं औषध दिलं,
म्हापशाच्याने चष्मा.
पणजीच्या मॅडमनी दीड तास ठोकळे मांडून
एक लांबलचक नाव लिहिलं,
ते मी कदंबच्या तिकिटामागे मराठीत उतरवून घेतलं
आणि येताना बसमध्ये पाठ केलं,
पाहुण्याचं नाव चुकू नये म्हणून करतात तसं.
गोळी सुरू झाली. भात सुटला, झोप सुटली.
सासू म्हणाली, खाण बंद पडली तेव्हा हा पोटात होता,
दुसरं काय होणार.

मी दिवसभर गर निवडते.
अख्खा इकडे, पाकळी तिकडे, तुकडा खाली.
बोटांना आधी कळतं, डोळ्यांना मागाहून.
माझ्याच पोराला मात्र
हात लावून काही कळलं नाही.

कळलं आग्नेल पदेराला.
सकाळी सायकल टेकून म्हणाला,
बाय, काल तुझा चेडो उंडे घेऊन तसाच उभा राहिला,
सुट्टे द्यायला पुढे केलेला हात तसाच.
मी भोंपू वाजवला. कानाशी वाजवला.
पापण्या तेवढ्या फडफडत होत्या,
व्होल्टेज पडल्यावर बल्ब करतो तशा.
माझा धाकटा भाऊ असाच थांबायचा.
भावाचं पुढे काय झालं ते सांगितलं नाही,
पैसे न मोजता निघून गेला.

त्या दिवसापासून मोजू लागले.
एक, दोन... सातवर परत यायचा. कधी नऊवर.
कॅलेंडरवर पेन्सिलची एकेक रेघ.
एका गुरुवारी एकवीस रेघा,
आणि मधल्या तीन वेळा
तो परत आला तेव्हा माझा हात
आधीच त्याच्या गालावर होता.

बांबोळी. नंबर त्रेसष्ट.
बिनतेलाचे केस, टाळूवर चिकट लेप, वायरी.
लिबेराता सिस्टरने कागदाचं भिरभिरं दिलं :
फुंक बाबू, थांबू नको.
एक मिनिट फिरलं. दुसरं अर्धं फिरलं.
मग मंदावलं,
थांबलं.
पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम उठल्या,
एकाच लाटेने सगळ्या होड्या उचलाव्यात तशा,
सेकंदाला तीनदा, सेकंदाला तीनदा,
अकरा सेकंद.
मग रेघा आडव्या झाल्या
आणि दयेशने पुन्हा फुंक मारली,
जणू मध्ये काही झालंच नव्हतं.
त्याच्यासाठी झालंच नव्हतं.

मी हसले.
पोराच्या डोक्यात बिघाड दिसला आणि आई हसली,
हे केसपेपरवर कुणी लिहू नये.

डॉ. कुलासो म्हणाले, तो ऐकत नव्हता असं नाही,
तेवढा वेळ तो तिथे नव्हताच.
औषधाने थांबेल, बहुतेक.
आणि चावणं?
ते पुढच्या वेळी बघू. याचंच असेल,
नसेलही.

परतीच्या बसला खिडकी मिळाली.
मांडवीच्या पुलावर भिरभिरं गरगर फिरतंय,
वाऱ्यानेच,
त्यामुळे कळत नाही
तो आहे की नाही.
मी ओठांतल्या ओठांत सुरू करते.
एक. दोन. तीन. चार.

‘पाच,’ दयेश म्हणतो,
पाण्याकडे बघतच.